खेळ उत्तम, गल्ला चलाख : कँडी क्रश सागा आणि बीजीएमआयचं परीक्षण

कँडी क्रश सागा आणि बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, बंदुकांच्या लढाईचा गेम) हे दोन्ही गेम फुकट उतरवता येतात. दोन्ही फार चांगले बनवलेले आहेत आणि दोन्हींत खेळाला लागून एक दुकान आहे. या परीक्षणात खेळाला थोडी जागा दिली आहे आणि दुकानाला जास्त. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरोघरी होणारं बोलणं ‘पोरगं फोन सोडत नाही’ इथंच थांबतं. ते नेमकं कोणत्या पडद्यावर अडकतं, कोणत्या बटणाने पैसे जातात आणि नको म्हणायचं बटण कुठं दडवलेलं असतं, हे दाखवणारं मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. सीमाभागात अडचण आणखी एका पायरीने वाढते. घरची भाषा मराठी, शाळेची कन्नड आणि गेमच्या अटी इंग्रजीत. पैसे देणाऱ्या बापाला अटी वाचता येत नाहीत आणि वाचता येणाऱ्या पोराला त्या वाचायच्या नसतात.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. वेबसाइटवरच्या फसव्या रचनेला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल यांनी दिलं. गेमसाठी होजे झागाल, स्टाफन ब्योर्क आणि क्रिस लुईस यांनी २०१३ मध्ये वेगळी कसोटी मांडली. तिचा आशय असा: बनवणाऱ्याने ती गोष्ट जाणूनबुजून केलेली असावी, खेळणाऱ्याला तिचा वाईट अनुभव यावा, ती त्याच्या हिताविरुद्ध असावी आणि बहुधा त्याच्या संमतीशिवाय घडावी. गेम अवघड असणं यात बसत नाही. हरल्यावर वाईट वाटणं बसत नाही. दिवसभर खेळावासा वाटणारा गेमही तेवढ्यावरून फसवा ठरत नाही. ही रेघ नीट आखली नाही तर सगळ्याच गेमना शिव्या देऊन मोकळं होता येतं, पण त्यातून पोरांच्या हाती काही लागत नाही.

कँडी क्रश सागा

किंग कंपनीचा हा गेम २०१२ मध्ये आला. बाजारात गिऱ्हाईक नसताना दुकानदार खेळतात, दुपारच्या वेळी घरातल्या बायका खेळतात, बसमध्ये कंडक्टरच्या मागच्या सीटवर कुणीतरी खेळत असतंच. एकाच रंगाच्या तीन गोळ्या जुळवायच्या, ठरलेल्या चालींत काम संपवायचं. आवाज, रंग, गोळ्या फुटतानाची लय, सगळं नेमकं आहे. पैसे न देता हा गेम हजारो लेव्हल खेळता येतो, ही त्याची खरी जमेची बाजू.

खेळणाऱ्याला ५ जीव मिळतात. लेव्हल हरली की एक जीव जातो आणि ३० मिनिटांनी एक परत येतो. पाचही गेले तर सगळे भरायला अडीच तास लागतात. ही योजना दुधारी आहे. अडीच तासांची सक्तीची विश्रांती चांगलीच म्हणायची, पण ती संपली की फोनवर सूचना येते आणि माणूस स्वतःच्या सवडीने बसण्याऐवजी गेमच्या घड्याळाने बसतो. शिवाय थांबायचं नसेल तर जीव विकत मिळतात. आधी अडवायचं आणि मग वाट मोकळी करून द्यायचे पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार.

या गेमचा सगळ्यात महत्त्वाचा पडदा हरल्यानंतरचा. चाली संपल्या, साफ करायची एकच जेली उरली. गेम तिथं ‘हरलात’ म्हणून सोडून देत नाही. आधी ५ जादा चाली देऊ करतो, त्या घ्यायच्या तर सोन्याच्या विटा, म्हणजे रुपयांनी विकत मिळणारं गेममधलं चलन, द्यायच्या. घेण्याचं बटण मोठं, हिरवं आणि अंगठा सहज पोचेल अशा जागी. नको म्हणायला कोपऱ्यात लहान फुली. फुली दाबली की दुसरा पडदा येतो आणि तुमची सलग जिंकण्याची मालिका तुटेल, मिळालेलं अमुक अमुक जाईल, असं चित्रासकट दाखवतो. तिथं पुन्हा नकार द्यावा लागतो. विकत घ्यायला एक टिचकी, सोडून द्यायला दोन किंवा जास्त. कोणत्याही गेमची तपासणी करताना हे टिचक्यांचं गुणोत्तर पहिल्यांदा मोजावं, कारण ते कुणालाही मोजता येतं आणि त्यात मतभेदाला जागा नसते.

हा पडदा इतका चालतो त्यामागं दोन कारणं आहेत. पहिलं, थोडक्यात हुकणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याच गेमवर प्रयोग प्रसिद्ध केला. साफ हरण्यापेक्षा थोडक्यात हुकल्यावर खेळणाऱ्याची चिडचिड वाढते आणि पुन्हा खेळायची ओढही वाढते, असं त्यात दिसलं. जुगाराच्या यंत्रावर हेच घडतं, हे आधीपासून माहीत होतं. दुसरं, हातचं जाण्याची भीती. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की मिळण्याच्या आनंदापेक्षा जाण्याचं दुःख मोठं वाटतं. जिंकण्याची मालिका ही गेमने आधी तुमच्या हातात ठेवलेली वस्तू असते. ती जाऊ नये म्हणून माणूस विटा खर्च करतो. पाच चालींची किंमत योग्य आहे का हा विचार त्या क्षणी डोक्यात येतच नाही.

पाच जादा चाली घेऊन लेव्हल जिंकेलच याची खात्री मात्र कुणी देत नाही. वरून पडणाऱ्या गोळ्यांचे रंग नशिबाने येतात. पाच चालींनंतर पुन्हा हरलात तर तोच पडदा पुन्हा येतो, आणि आता आधी घातलेल्या विटाही वाया जायची धास्ती असते. म्हणून ज्याला हा गेम खेळायचाच आहे त्याला एक ठाम सल्ला: पाच चालींचा पडदा आला की फुली. कितीही थोडं उरलं असलं तरी फुली. तीच लेव्हल दुसऱ्या वेळी चांगले रंग पडले की सुटते.

दुसरी लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे डुकराच्या आकाराचा गल्ला. तुम्ही लेव्हल जिंकत जाता तसा त्यात सोन्याच्या विटा साठत जातात. त्या तुमच्या कमाईच्या वाटतात, दिसतात, वाढताना आवाजही होतो. पण गल्ला फोडायला खरे रुपये द्यावे लागतात. म्हणजे आपलंच समजून बसलेलं आपल्याला विकत घ्यायचं. न्यूनेस आणि ड्रेझ यांनी २००६ मध्ये गाड्या धुण्याच्या केंद्रावर केलेला प्रयोग इथं तंतोतंत लागू पडतो. काही गिऱ्हाइकांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना १० शिक्क्यांचं, पण २ शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आठच वेळा गाडी धुवायची होती. कोरं कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी ते पूर्ण केलं, दोन शिक्केवाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. अर्धवट भरलेली गोष्ट माणसाला सोडवत नाही. भरलेला गल्ला दिसला की हे आकडे आठवावेत.

मार्च २०१४ मध्ये किंग अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली तेव्हाच्या कागदपत्रांनुसार महिन्याभरात खेळणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्केच लोक पैसे देत होते. बाकीचे फुकट खेळत होते. म्हणजे दुकानाची सगळी रचना या थोड्या माणसांसाठी आहे. घरात पाच जण खेळत असतील आणि चौघांना दुकान दिसतही नसेल, तर पाचव्याबद्दल ‘एवढं काय त्यात’ असं म्हणू नये. त्याला दिसणारा गेम वेगळा असू शकतो.

खेळ म्हणून कँडी क्रशला ५ पैकी ४ गुण. दुकानाला दीड. अर्धा गुण एवढ्यासाठी की पैसे न देता पुढं जाता येतं.

बीजीएमआय

पोरांच्या कट्ट्यावर मात्र विषय हाच. पब्जी मोबाइलवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, त्यानंतर क्राफ्टन कंपनीने बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा गेम जुलै २०२१ मध्ये आणला. जुलै २०२२ मध्ये तो अॅप स्टोअरांतून हटवला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. परत येताना वेळेच्या मर्यादा घालण्यात आल्या: १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास. त्याआधीच १८ खालच्यांसाठी दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा जाहीर झाली होती. हा आकडा पालकांनी दोनदा वाचावा. ही मर्यादा दिवसाची आहे, महिन्याची नव्हे. आणि वय गेममध्ये जे भरलं जातं तेच धरलं जातं. घरातला थोरला भाऊ किंवा मामा पालक म्हणून ‘हो’ म्हणाला की काम झालं. तेव्हा मर्यादा आहे या भरवशावर राहू नये.

खेळाबद्दल आधी न्यायाने बोलू. नेम, नकाशाची ओळख, चौघांचा ताळमेळ यावर सामना ठरतो. पैसे दिले म्हणून गोळी जास्त लागत नाही. विकलं जातं ते मुख्यतः दिसणं: कपडे, बंदुकीवरचे रंग, गाड्यांचे रंग. पैशाने जिंकता येणाऱ्या गेमपेक्षा हे कितीतरी बरं. पण नव्या खेळाडूला खालच्या पायरीवर समोर बरेचसे बॉट मिळतात, म्हणजे यंत्राने चालवलेले, जागेवर उभे राहून हवेत गोळ्या झाडणारे. पहिल्या दिवसांत दहा-बारा जण मारून ‘चिकन डिनर’, म्हणजे सामन्याचा विजय, मिळतं आणि पोराला वाटतं आपल्या हातात काहीतरी आहे. हे बॉट आहेत असं गेम सांगत नाही. कौशल्याचा हा आभास पुढच्या सगळ्या ओढीचा पाया आहे.

‘आई, एवढी मॅच संपू दे की’ हे घराघरातलं वाक्य उद्धटपणा म्हणून धरलं जातं. पण पोराच्या म्हणण्यात तथ्य आहे. एरँगलसारख्या मोठ्या नकाशावरचा शंभर जणांचा सामना शेवटपर्यंत टिकलं तर साधारण अर्धा तास चालतो. तो थांबवून ठेवता येत नाही. मध्येच सोडला तर तीन साथीदार अडचणीत येतात, पायरीचे गुण जातात आणि वारंवार सोडणाऱ्याला गेम शिक्षाही करतो. म्हणून सामना चालू असताना फोन हिसकावण्यात अर्थ नाही. वेळ ठरवायची ती सामन्यांत ठरवावी: दोन मोठे सामने, किंवा चाळीस मारले की संपणारे चार छोटे टीडीएम (टीम डेथमॅच). थांबायला सांगायचं ते सामना संपून लॉबीत, म्हणजे दोन सामन्यांमधल्या पडद्यावर, आल्यावर. लॉबी हीच एक जागा आहे जिथं पोराला उठता येतं. अडचण एवढीच की गेमने सगळी आमिषं नेमकी तिथंच मांडली आहेत.

लॉबी उघडून नीट पाहा. जवळजवळ प्रत्येक चौकोनावर लाल ठिपका असतो. दाबला की काहीतरी फुटकळ मिळतं आणि ठिपका जातो, उद्या परत येतो. रोज हजेरी लावण्याचं बक्षीस सातव्या दिवशी मोठं असतं, म्हणजे सहा दिवस झालेला सातवा चुकवत नाही. रॉयल पासच्या (हंगामाच्या बक्षिसांच्या) पानावर दोन ओळी असतात, फुकटाची आणि विकतची. विकतच्या ओळीतली बक्षिसं तुम्ही कमावल्यासारखी समोर येतात, फक्त कुलूप लावलेली. मुदत संपायचा काटा वर चालू असतो. हंगाम संपला की कष्टाने चढलेली पायरी खाली येते आणि चढण नव्याने सुरू होते. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे, पण त्या एकत्र येऊन कोणत्याही दिवशी ‘आज नको’ म्हणायला जागा ठेवत नाहीत.

आता यूसी, म्हणजे या गेममधलं चलन. खरे रुपये थेट कुठंच लागत नाहीत, आधी यूसी घ्यावे लागतात. रूढ पाकिटं अशी: ६०, ३०० वर २५ जादा म्हणजे ३२५, ६०० वर ६० म्हणजे ६६०, १५०० वर ३०० म्हणजे १८००, ३००० वर ८५० म्हणजे ३८५०, ६००० वर २१०० म्हणजे ८१००. लकी स्पिन किंवा क्रेट म्हणजे नशिबाने वस्तू देणारं चक्र किंवा पेटी. त्यांची नेहमीची किंमत एका फेरीला ६० आणि दहा फेऱ्यांना ५४०. इव्हेंटप्रमाणे ती बदलते, पहिली फेरी तर अनेकदा १० मध्ये देतात, म्हणजे हात सैल व्हावा. दहा फेऱ्यांसाठी ५४० हवेत, पण ५४० चं पाकीट नाही. ६६० चं घेतलं तर १२० उरतात. ते उरलेले १२० खुपत राहतात. त्यात दोन सुट्या फेऱ्या येतात, किंवा पुढच्या दहासाठी आणखी ४२० कमी पडतात, म्हणजे पुन्हा ६६० घ्या. रुपया, यूसी आणि फेरी या तीन मापांमध्ये कुठंच पूर्ण भाग जाऊ नये अशी ही मांडणी आहे. किराणा दुकानात कुणी असा हिशोब केला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार नाही.

ही चाल मोडायची रीत सोपी आहे. खरेदीआधी कागदावर एका फेरीची रुपयांतली किंमत काढायची: पाकिटाचे रुपये भागिले पाकिटातले यूसी, गुणिले ६०. मिळालेला आकडा मोठ्याने वाचायचा. बरीच पोरं इथंच थांबतात.

आता फेरीत काय निघतं ते पाहू. अॅपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गूगल प्लेने मे २०१९ पासून नशिबाच्या पेट्यांमधल्या वस्तूंची शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं. त्यामुळे ती माहिती असते, पण लहानशा ‘आय’ किंवा प्रश्नचिन्हाच्या आड, लांबलचक यादीत. मुख्य पडद्यावर फक्त झगमगणारा सूट, म्हणजे पोशाख, दिसतो. आपल्या भागात मटका नवा नाही, आणि मटक्यात जोडी लागण्याची शक्यता शंभरात एक, हे चहाच्या टपरीवरचं पोरही जाणतं. इथं तेवढं कळायलाही तीन पडदे उघडावे लागतात.

शक्यतेचा अर्थ लावताना बहुतेक जण चुकतात. समजा हव्या त्या वस्तूची शक्यता १ टक्का आहे. शंभर फेऱ्या मारल्या तर ती नक्की मिळेल असं वाटतं. तसं नाही. शंभर फेऱ्यांनंतर ती किमान एकदा मिळण्याची शक्यता ६३ टक्के. म्हणजे शंभर फेऱ्या मारणाऱ्या शंभर पोरांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने परततात. दहा फेऱ्यांत शक्यता जेमतेम ९.६ टक्के. निम्मी शक्यता गाठायलाच ६९ फेऱ्या लागतात, म्हणजे दहाच्या दराने ५४ यूसी धरले तर ३,७२६ यूसी, आणि त्यासाठी ३८५० चं पाकीट, जे काही हजार रुपयांचं असतं. वस्तूची शक्यता अर्धा टक्का असेल तर निम्म्यापर्यंत पोचायला १३९ फेऱ्या. ठरावीक फेऱ्यांनंतर वस्तू हमखास मिळेल असा नियम इव्हेंटमध्ये दिलेला असेल, तर हिशोब त्या शेवटच्या आकड्यावरच करावा आणि तेवढी तयारी नसेल तर पहिली १० यूसीवाली फेरीही मारू नये. मधेच सोडणाऱ्याच्या हाती त्या नियमातलं काहीच लागत नाही.

बक्षीस कधी मिळेल हे कळलं नाही की हात चालूच राहतो, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून सविस्तर दाखवलं. नशिबाच्या पेट्यांवर जास्त खर्च आणि जुगाराची समस्या यांचा संबंध झेंडल आणि केर्न्स यांनी २०१८ मध्ये दाखवला. कशामुळे काय होतं ते त्या एका अभ्यासातून ठरत नाही, पण ज्या घरात आधीच पत्त्यांचा किंवा मटक्याचा नाद आहे तिथं जास्त जपावं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. जपानने ‘पेट्यांतल्या वस्तूंचा संच पूर्ण केला की मोठं बक्षीस’ हा प्रकार २०१२ मध्ये बंद पाडला, बेल्जियमने २०१८ मध्ये पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे मिळवण्याच्या खेळांवर आहे. पेटीतून निघालेल्या सूटची गेममध्ये रोकड होत नाही, म्हणून ‘सरकारने बंदी घातली आहे, आता चिंता नाही’ असं समजू नये.

बीजीएमआयला खेळ म्हणून ५ पैकी साडेचार गुण. दुकानाला १.

तपासणी करणाऱ्यांसाठी

बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, दरवर्षी शेकडो मुलांना प्रोजेक्टचा विषय हवा असतो. हा विषय घ्यावा. खर्च नाही, प्रयोगशाळा नको, आणि निघालेलं काम आपल्याच गल्लीत उपयोगी पडतं.

नवीन जीमेल खातं काढून सुरुवात करा. जुन्या खात्यावर सवलती आणि जाहिराती आधीच्या वागणुकीप्रमाणे बदललेल्या असू शकतात, मग तुलना फसते. खात्याला पैसे देण्याचं कोणतंच साधन जोडू नका. फोनचा पडदा पहिल्या क्षणापासून रेकॉर्ड करा, कारण पहिल्या तासातले खास देकार पुन्हा दिसत नाहीत. किमान सात दिवस, रोज ठरलेल्या वेळी. सातव्या दिवसाचं बक्षीस पाहिल्याशिवाय हजेरीची रचना कळत नाही.

नोंदवहीत प्रत्येक देकारासाठी तारीख, वेळ, आधी काय घडलं (जिंकला, हरला, नुसता उघडला), पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे, घेण्याच्या आणि नाकारण्याच्या बटणाचा आकार-रंग-जागा, दोन्हीकडच्या टिचक्या, काटा असल्यास उरलेला वेळ आणि किंमत लिहा. ‘का केलं असेल’ हा अंदाज वेगळ्या रकान्यात. तो दिसलेल्या गोष्टीत मिसळला की सगळी नोंद वादग्रस्त होते. टिचक्या मोजणं किती महत्त्वाचं आहे ते फोर्टनाइटच्या प्रकरणात दिसलं. हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी केलेल्या तडजोडीत २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्यासाठी द्यायचं मान्य केलं. आयोगाचा आक्षेप होता तो बटणांच्या गोंधळात टाकणाऱ्या मांडणीवर. एकच बटण दाबल्याने, अगदी पडदा लोड होत असताना दाबल्यानेही, पैसे जात होते.

खोट्या घाईची परीक्षा अशी: ‘२४ तास उरले’ हा देकार दिसला की फोटो काढा, मुदत संपू द्या, दुसऱ्या दिवशी पाहा. तोच माल त्याच किमतीत नव्या काट्यासह आला तर घाई खोटी होती. दुसऱ्या नव्या खात्यावर तोच देकार वेगळ्या वेळी सुरू झाला, तर तो काटा बाजाराचा नाही, तुमच्यापुरता आहे.

सूचना मोजताना अनेकांचं काम फसतं. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अॅप मागून बंद करतात, सूचना येतच नाहीत, आणि अहवालात गेम निष्पाप ठरतो. सेटिंग्जमध्ये त्या अॅपसाठी ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीची बंधनं काढा, आणि ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ चालू ठेवा. अँड्रॉइड ११ पासून ती सोय आहे. डोळ्यांनी मोजू नका.

फोनची भाषा मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी ठेवून शक्यतेचं पान आणि परताव्याच्या अटी कोणत्या भाषेत येतात ते पाहा. विकायचा पडदा एका भाषेत आणि अटी दुसऱ्या भाषेत असतील तर ती स्वतंत्र नोंद आहे. सीमाभागातल्या मुलांशिवाय ही तपासणी सहजी दुसरं कुणी करणार नाही.

शेवटी दोघांनी तीच रेकॉर्डिंग वेगवेगळी पाहून प्रत्येक पडद्याला प्रकार लावायचा: वेळेचा, पैशाचा, संगतीचा, मनाचा. मग जुळणी तपासायची. त्यासाठी ‘कोहेन्स कॅपा’ हा दोघांची जुळणी मोजणारा आकडा काढता येतो. तो कमी आला तर व्याख्या सैल आहेत, त्या घट्ट करून पुन्हा बसावं. शाळकरी मुलांना सामील करायचं तर पालकांची लेखी संमती हवी, आणि त्यांच्याकडून एक रुपयाही खर्च करून घेऊ नये.

तुलनेसाठी लीचेस ठेवावं. बुद्धिबळाचं फुकट अॅप आहे, जाहिरात नाही, दुकान नाही, देणगी द्यायची तर द्या. रेटिंगची ओढ तिथंही आहे, ‘आणखी एक डाव’ तिथंही होतो. म्हणूनच तुलना उपयोगी पडते: ओढ खेळातून किती येते आणि दुकानातून किती, हे दोन वह्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

घरी काय करावं

प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या फोटोवर टिचकी, सेटिंग्ज, मग खरेदीच्या पडताळणीचा पर्याय. तिथं ‘प्रत्येक खरेदीला’ निवडा. ‘दर ३० मिनिटांनी’ असेल तर एकदा पासवर्ड दिल्यावर अर्धा तास गल्ला उघडा राहतो. अंगठ्याचा ठसा मुलाचाही नोंदवलेला असेल तर तो काढा, नाहीतर पडताळणीला अर्थ नाही. मोबाइलच्या दुकानातून किंवा यूपीआय अॅपवरून घेतलेला रिडीम कोड एकदा भरला की ते पैसे प्ले बॅलन्समध्ये जातात आणि पुढच्या खरेदीला बँकेचा पिन लागत नाही. वाढदिवसाला कोड भेट देणाऱ्या काका-मामांनी हे ध्यानात ठेवावं. लहान मुलांचं खातं फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अॅपमध्ये घेऊन प्रत्येक खरेदीला मंजुरी लावता येते.

चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेच्या ऑर्डर हिस्टरीतून परतावा मागा. त्यानंतर बहुतेक वेळा गेमच्या कंपनीकडेच जावं लागतं. यूसी किंवा विटा खर्च व्हायच्या आत मागणी केली तर बाजू भक्कम राहते, म्हणून आधी गेम बंद करा, पोराला रागवायचं ते नंतर. प्ले बॅलन्समधून गेलेले पैसे प्ले बॅलन्समध्येच परत येतात, बँकेत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं ३० नोव्हेंबर २०२३ ची आहेत. त्यात १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वारंवार टोचणी, बटणांच्या मांडणीतून दिशाभूल हे चार गेमच्या दुकानांना थेट लागू करून पाहण्यासारखे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, मराठीतही आणि कन्नडमध्येही करता येते. ‘गेमने फसवलं’ एवढंच सांगितलं तर तक्रार पुढं सरकत नाही. प्रकाराचं नाव, पडद्याचा फोटो, तारीख-वेळ आणि ऑर्डर क्रमांक द्यावा.

खेळ आवरतच नसेल, झोप, शाळा, जेवण सुटत असेल, तर त्याला दुकानाच्या युक्त्या समजावून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून नोंदलेला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत याचसाठी २०१४ पासून ‘शट’ क्लिनिक चालतं.